उत्तरमुखी दुकानांचं ऊन

१

खेरासणात बघण्यासारखं काय आहे असं कोणी विचारलं, की आमच्याकडची म्हातारी मंडळी एका दमात सांगतात: तलाव, टॉवर, चबुतरा, दाणापीठ. आणि त्याच दमात पुढे सांगतात, की खरं बघण्यासारखं होतं ते त्यांच्या लहानपणी, आता काही राहिलं नाही.

मला जे राहिलं होतं त्याचेच फोटो काढायचे होते. अहमदाबादची एक प्रकाशनसंस्था गुजरातमधल्या छोट्या गावांचं मोठं पुस्तक काढत होती. तिथल्या संपादक अवनीबेन फोनवर म्हणाल्या होत्या, "झरणा, खेरासणचे फोटो पसंत पडले तर बाकीची गावंही तूच कर. दोन वर्षांचं काम आहे. उत्तरायण झालं की इकडे राहायलाच ये." पसंत पडले नाहीत तर काय, ते मम्मीने ठरवून ठेवलं होतं. पप्पांच्या बंद पडलेल्या गाळ्यात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ, आणि वर्षभरात माझं लग्न. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक घरचंच.

म्हणून त्या डिसेंबरात मी रोज ऊन धरायला निघत होते. वडोदऱ्याच्या कॉलेजात मी एवढं एक नीट शिकले, की जागा कुठे पळून जात नाही, ऊन जातं. तलावाच्या पायऱ्या सूर्य उगवताना घ्यायच्या, तेव्हा प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसते. टॉवर त्यानंतर. चबुतरा म्हणजे कबुतरांना दाणे टाकायचा लाकडी मनोरा; त्यावर ती दुपार कलताना उतरतात, आणि त्याच सुमाराला तिरप्या उन्हात लाकडातले मोर उठून दिसतात. मी ट्रायपॉड लावला की हमखास कोणी काका जवळ यायचे. "बेटा, भर दुपारी ये. लख्ख ऊन असतं." मी म्हणायचे, "भर दुपारी माणसाच्या डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, काका." ते म्हणायचे, "आमचे तर नाही दिसत." वयाचा मान सगळ्यांनाच हवा असतो. ऊन तेवढं कोणाच्या वयाकडे बघत नाही, म्हणून मला ते आवडतं.

शेवटी दाणापीठ राहिलं. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी बाजाराची गल्ली, दोन्ही बाजूंना जुनी दुकानं आणि वर कोरीव लाकडाचे मजले. दक्षिण बाजूची ओळ जास्त देखणी, पण तिचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात तिला दिवसभर ऊन मिळत नाही. ती आपल्याच सावलीत बसून असते. अशा ओळीचा फोटो उतरत्या दुपारीच काढावा लागतो. समोरच्या ओळीचे वरचे मजले तेव्हा उन्हाने पिवळेधमक होतात आणि तो उजेड परतून या ओळीवर येतो. उसना उजेड, पण मऊ. सावलीसुद्धा त्याच्यात सोनेरी होते.

मी वेळेवर पोचले, ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि त्या ओळीतल्या सगळ्या दुकानांनी पडदे सोडले. एकापाठोपाठ एक. कोणी कोणाला काही बोललं नाही. जांभई आल्यावर माणूस तोंडापुढे हात धरतो ना, तितक्या सवयीने.

२

ओळीतलं मधलं दुकान माझ्या सख्ख्या मामांचं. जशुमामा वर्षभर रंगीत कागद आणि लग्नपत्रिका विकतात, हिवाळ्यात पतंग. मामी गेल्यापासून ते दुकानामागच्या खोलीतच राहतात. जेवणाचा डबा आमच्याकडून जातो.

मी पडदा बाजूला सारून आत घुसले.

"मामा, हे काय?"

"काय काय?"

"पडदा कशाला पाडला?"

"ऊन लागतं," मामा म्हणाले.

"कुठे आहे ऊन?"

"कागदाचा रंग उडतो गं भाणी. पतंग आहेत, पोलाद नाही."

"आमच्या कापडाचाही उडतो," लाकडी पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला. ते वाडीकाका, शेजारचे शिंपी. त्यांचं मशीन आणि त्यांचं तोंड एकदम बंद असल्याचं मी कधी पाहिलं नाही.

"मामा, तुमच्या दुकानाचं तोंड उत्तरेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. या दिवसांत तुमच्या दुकानाला ऊन लागूच शकत नाही. हे मी नाही म्हणत, पृथ्वी म्हणते."

"पृथ्वीला म्हणावं, दुकान जशुभाईचं आहे."

वाडीकाका पलीकडे खोऽ खोऽ हसले. "अजून पाठव कॉलेजात, जशु! आज तुला दिशा शिकवतेय, उद्या मला शिकवेल कात्री कुठल्या बाजूने धरायची."

"काका, उन्हाळ्यात संध्याकाळी या ओळीला खरोखरच ऊन येतं. तेव्हा तर तुम्ही कोणी पडदे लावत नाही."

"उन्हाळ्यात कसे लावणार?" मामा म्हणाले. "उकडतं."

 भांडायला समोर वाक्य तरी असावं लागतं. मी बाहेर येऊन त्या निळ्या, मरून, पिवळ्या पडद्यांचेच फोटो काढले. ओळ किती भिकार दिसते हे छापून सगळ्यांच्या नाकासमोर धरायचं, असं ठरवलं होतं.

३

घरी लॅपटॉपवर फोटो मोठे करून बघताना ते दिसलं. प्रत्येक पडद्यावर एक भाग विटका होता.

उभा चौकोन, कडा सरळ. आत रंग उडालेला, आणि त्यात चार उभ्या रेघा जिथे मूळ रंग तसाच राहिलेला. रंगीत कागदावर झाडाचं पान ठेवून तो उन्हात टाकला, की पानाखालचा रंग टिकतो आणि बाकीचा उडतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला हाच प्रयोग करायला लावतात. इथे पानाच्या जागी खिडकीचे गज होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी पडदे हाताने चाचपले. विटका भाग बाहेरच्या बाजूने. सगळ्या पडद्यांवर एकाच उंचीला. दुकानदार गादीवर बसला की त्याचं तोंड जिथे येतं, तिथे.

"वाडीकाका, हे पडदे किती जुने आहेत?"

"जुने कसले! दर दिवाळीला मीच नवे शिवतो."

"दिवाळी आत्ता तर झाली. इतक्यात एवढे विटले?"

"सुरतचं कापड," काका म्हणाले, आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

मी मागे वळून समोरची ओळ बघितली. वरच्या मजल्यावर कुठे काच असेल, त्यावरून सूर्य परतून इकडे येत असेल. एवढा साधा हिशेब. पण तिकडे सगळी लाकडी झडपांची खिडक्या-दारं, वर्षानुवर्षं लावलेली. मामांच्या दुकानासमोर नटुशेठचं जिऱ्याचं गोदाम. त्याच्या वरच्या मजल्याला तेवढी एक गजांची खिडकी होती. चार गज. गजांच्या मागे विटा भरून वर गिलावा केलेला. काच नाही, फट नाही, काही नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला घरी येताना सुचली. एकाच खिडकीचा कवडसा सरकत सरकत सगळ्या दुकानांवरून जाऊ शकतो. मान्य. पण सरकणारा कवडसा कापडावर पट्टा सोडतो. त्याला चौकट उमटवता येत नाही, गज तर नाहीच नाही. ही चौकट प्रत्येक पडद्यावर ठसठशीत होती.

म्हणजे ऊन प्रत्येक दुकानापाशी येऊन थांबत होतं.

मी लॅपटॉप मिटला आणि सगळं खापर सुरतच्या कापडावर फोडलं.

४

अवनीबेनना तलाव आवडला, चबुतरा फार आवडला. दाणापीठाचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "पडदे नकोत. दाणापीठ नसेल तर खेरासण पुस्तकात कशाला घ्यायचं, सांग?"

मी तशीच मामांकडे गेले. ओळीतल्या प्रत्येकाला विचारून झालं होतं. कोणी म्हणे गिऱ्हाइकीची वेळ आहे, कोणी म्हणे धूळ येते. एकाने मला विचारलं, मुलगी असून एवढं काळं तिकाटणं खांद्यावर घेऊन का फिरतेस.

"तुम्ही सगळे घाबरट आहात," मी मामांना म्हणाले. "आणि कशाला घाबरता ते तुमच्यातल्या एकालाही माहीत नाही. तुमच्या वडिलांनी पडदा पाडला म्हणून तुम्ही पाडता. त्यांनी गादीवर उलटं बसायला सांगितलं असतं, तर आज सगळं दाणापीठ भिंतीकडे तोंड करून पतंग विकत असतं."

पार्टिशनच्या पलीकडे मशीन थांबलं. वाडीकाका काहीतरी टोला हाणतील म्हणून मी वाट बघितली. ते बोलले नाहीत.

मामा पतंगाची शेपटी चिकटवत होते. माझा पहिला कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला होता, मम्मीशी भांडून.

"हा फोटो आला तर तू जाशील?" त्यांनी विचारलं.

"जाईन."

"नक्की?"

"मामा, मी इथे राहिले तर आठवड्याभरात कोणाचा तरी खून करेन. बहुधा वाडीकाकांचा."

"माप देऊन जा आधी," पलीकडून आवाज आला. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

मामांनी शेपटी नीट दाबून बसवली. "उद्या माझा एकट्याचा पडदा वर करतो. बाकीच्यांना विचारू नकोस. आणि तू त्या बाजूलाच उभी राहा. तुझं काम होईपर्यंत इकडे यायचं नाही."

"का?"

"का म्हणून नको विचारू. एवढं एक ऐक."

५

बघितलं तर तसाच फोटो जास्त चांगला होता. बंद पडद्यांची ओळ आणि मधोमध एकच उघडं दुकान, आत शेकडो पतंग. हे मला आधी सुचलं नाही याचा राग आला.

मी नटुशेठच्या ओट्यावर, त्या बुजवलेल्या खिडकीच्या खाली ट्रायपॉड लावला. वरचे मजले पेटल्यासारखे पिवळे झाले. ओळीतले पडदे पडले. मामांनी आपला पडदा वर गुंडाळला, दोरीने बांधला आणि गादीवर येऊन बसले. उसना उजेड टांगलेल्या पतंगांमधून आरपार जात होता. लाल कागदाचा लाल उजेड मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला होता.

"जशु, डोकं फिरलं का तुझं?" पडद्याआडून वाडीकाका.

"भाणीचं काम आहे. पाच मिनिटं."

"मामा, बोलू नका," मी इकडून ओरडले. "हनुवटी जरा खाली. डावीकडे बघा. एवढं नाही, किंचित परत या. हं. आता हलू नका."

तेव्हा त्यांच्या गालावर ऊन आलं.

उसना उजेड नव्हे. ऊन, धारदार कडांचं. उभा चौकोन, त्यात चार गडद रेघा. ते कुठून सरकत आलं नाही. बटण दाबल्यावर दिवा लागतो तसं एकदम होतं. मामांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसायला लागली, पापण्यांच्या सावल्या गालावर उतरल्या. असा प्रकाश मी जन्मात पाहिला नव्हता. मी आधी बटण दाबलं, बऱ्याच वेळा दाबलं, आणि मग वर बघितलं.

विटा. गिलावा. गजांवर कबुतरांची घाण. गजांच्या सावल्या गिलाव्यावर तिरप्या पडलेल्या, जशा पडायला हव्यात तशा. तिथून बाहेर काही येत नव्हतं.

"झालं!" मी म्हणाले.

मामा हलले नाहीत. वाऱ्याने एक पतंग फडफडत त्यांच्या कानाला लागत होता, तरी त्यांची पापणी लवली नाही.

"मामा, झालं! उठा!"

तिसऱ्यांदा मी सगळ्या दाणापीठाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. तेव्हा त्यांनी श्वास घेतला. तलावात बुडी मारलेला माणूस वर येऊन घेतो तसा. त्याच वेळी वाडीकाका बाहेर आले, रस्त्याकडे पाठ करून, मान खाली घालून, आणि हातातल्या कात्रीने त्यांनी पडद्याची दोरी कापली.

६

"हे मुखपृष्ठ," अवनीबेन त्याच रात्री फोनवर म्हणाल्या. "काय उजेड पकडलायस! सामान बांधायला घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मी मामांना चहा द्यायला गेली होती, तिने मला ओरडून बोलावलं. मामा मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, ताठ. मम्मीने त्यांना हलवलं होतं, तोंडावर पाणी मारलं होतं, रामाचं नाव घेऊन झालं होतं. मी दारातूनच, काय करावं न सुचून, "झालं" म्हणाले. त्यांनी श्वास घेतला आणि सदरा ओला का, असं विचारलं. नंतर डॉक्टर येऊन गेले. नाडी उत्तम, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला.

मम्मी खिचडी करायला घरी गेल्यावर मी मामांना विचारलं, "दिवा का नाही लावला?" आणि मग माझ्या लक्षात आलं की मला त्यांचा चेहरा दिसतोय.

त्या खोलीला खिडकी नाही. दुकानाकडचं दार मी लोटून घेतलं होतं. मामांच्या डाव्या गालावर उतरत्या दुपारचं ऊन होतं.

"लागतं का?" मी विचारलं.

"ऊब आहे," मामा म्हणाले. "थंडीत वाईट नाही."

उजेड कुठून येतो ते कळत नसेल तर आम्ही एक काळा पुठ्ठा घेऊन माणसाभोवती फिरतो. ज्या जागी पुठ्ठ्याची सावली चेहऱ्यावर पडेल, तिकडून उजेड. यात डोकं लागत नाही. मी पतंगांच्या गठ्ठ्याखालचा काळा पुठ्ठा काढला आणि मामांभोवती फिरायला लागले.

"हजामत करणार आहेस का?"

"गप्प बसा, मामा."

समोरून सावली पडली नाही. बाजूने नाही, वरून नाही, खालून नाही. मी पुठ्ठा जवळ जवळ नेत गेले आणि शेवटी तो त्यांच्या गालालाच टेकवला. माझ्याकडची बाजू काळी. पण गालाच्या हाडापाशी, पुठ्ठ्याच्या कडेला, एक उजळ रेघ दिसत होती. मी वाकून त्या फटीतून आत बघितलं.

पुठ्ठा आणि गाल यांच्यामध्ये बोट शिरलं नसतं. तिथे ऊन होतं, चारही गजांसकट. आणि गजांच्या सावल्यांवर मध्यावर काहीतरी होतं, जे काल फोटोत नव्हतं. लहान लहान गोलसर सावल्या, ओळीने. गज मुठीत धरल्यावर बोटं दिसतात तशा. त्यातली एक उचलली गेली आणि परत टेकली.

माझ्या भुवईला ऊब लागली. मी पुठ्ठा टाकला.

मामांनी हनुवटी जरा खाली केली. मान डावीकडे वळवली, आणि किंचित परत आणली. मग ते थांबले. डोळे उघडे, छाती स्थिर.

"झालं!" मी म्हणाले. "मामा, झालं, झालं!"

त्यांनी श्वास घेतला.

"तुम्हाला कोण सांगतं?"

"काय?"

"हनुवटी खाली करायला."

मामा माझ्याकडे वळले. "तू नाही सांगितलंस?"

७

वाडीकाकांना मी त्यांच्या मशीनपाशी गाठलं. माझा आवाज चढलेला होता.

"काय आहे ते? आता तरी नीट सांगा."

"मला काय माहीत."

"सत्तर वर्षं या दुकानात बसताय आणि तुम्हाला माहीत नाही?"

"सत्तर वर्षं मी पडदा पाडतोय," काका म्हणाले. "बघायला थांबलो असतो तर माहीत झालं असतं. तू शिकलेली आहेस, तू बघितलंस. तूच सांग, काय आहे ते."

मला त्यांच्या अंगावर कात्री फेकावीशी वाटली. त्याऐवजी मी समोरच्या गोदामात जाऊन वरच्या खोलीची किल्ली मागितली.

नटुशेठ चांगल्या मूडमध्ये होते. "वर काय बघणार, बेन? जिरं आहे. जिऱ्याचा फोटो काढणार?" पण त्यांनी किल्ली दिली.

वरच्या खोलीत दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत पोती रचलेली होती. वासाने डोळ्यांत पाणी आलं. मधून एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट होती, तिने मी बुजवलेल्या खिडकीच्या कडेपर्यंत गेले. आतूनही गिलावा, जुना, भेगा नसलेला. मी कडेवरूनच लांब करून त्याच्यावर हात ठेवला. गार होता. खिडकीसमोर पोती जवळजवळ गिलाव्याला टेकलेली. तिथे माणूस उभा राहूच शकला नसता, बसणं तर सोडाच. मला बरं वाटलं. मी परत फिरणार होते.

मग मोबाइलचा दिवा पोत्यांवर पडला. खिडकीच्या उंचीला, खिडकीच्या बरोबर समोर, पोत्यांमध्ये एक खळगा होता. पोती फाटलेली नव्हती, एकही दाणा सांडला नव्हता. रोज एकाच जागी टेकून बसलं की कापसाच्या गादीत जसा खळगा पडतो, पाठीचा आणि वर डोक्याचा, तसा तो जिऱ्यात पडलेला होता.

तो गरम आहे का, हे मी हात लावून बघितलं नाही. त्या दिवशी मी तेवढी एकच गोष्ट बघायची राहू दिली.

८

उत्तरायणापर्यंतचे, म्हणजे संक्रांतीपर्यंतचे, दिवस मी मामांजवळ बसून काढले. मम्मीने "झालं" म्हणून बघितलं, वाडीकाकांनी दारात उभं राहून, तोंड फिरवून म्हणून बघितलं. उपयोग होत नव्हता. मामा फक्त माझ्याच आवाजाने परत येत होते. मधल्या वेळात ते अगदी ठीक असायचे. पतंग बांधायचे, गिऱ्हाइकांशी घासाघीस करायचे, मला टोमणे मारायचे. गालावरचं ऊन लोकांना दिसू नये म्हणून मफलर गुंडाळायचे. मफलर विटला.

उत्तरायणाच्या दिवशी सगळं गाव गच्च्यांवर होतं. घरोघरच्या उंधियूचा वास खाली उतरत होता. वरून लाउडस्पीकर आणि थोड्या थोड्या वेळाने "काप्योऽऽ!" अशी आरोळी. माझी बॅग दुकानात भरून तयार होती. दुसऱ्या दिवशीची बस होती, आणि अवनीबेनना मी अजून नाही म्हटलं नव्हतं.

"भाणी, बस इथे," मामा म्हणाले. "या वेळी म्हणू नकोस."

"काय?"

"झालं म्हणू नकोस. तू ऐन वेळी बोलतेस आणि त्याचं सगळं फिसकटतं. मग पुन्हा पहिल्यापासून. हनुवटी, डावीकडे, थांबा. एकदा काढू दे त्याला. संपून जाईल."

"त्याला म्हणजे कोणाला?"

"तू कामात असताना मी कधी मध्ये बोललो का?"

"मामा, मी काय विचारतेय?"

"मला दिसत नाही गं. डोळ्यांवर ऊन येतं." ते हसले. "फोटो निघाला की माणूस काय करतो? उठतो, चहा पितो. आणि तू उद्याच्या बसने जा. मी पडदा उगाच वर केला नव्हता."

"तुम्हाला खात्री आहे? उठाल?"

त्यांनी हातातल्या पतंगाची गाठ तपासली. "नाही," ते म्हणाले.

वडीलधाऱ्यांचं मी आयुष्यात फारसं काही निमूटपणे ऐकलेलं नाही. त्या दिवशी ऐकायचं ठरवलं. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, तोंडावर हात ठेवून.

मामांनी मफलर काढला. हनुवटी खाली केली. डावीकडे, मग किंचित परत. ते थांबले.

ऊन आता एका गालावर नव्हतं, सगळ्या चेहऱ्यावर होतं. आणि त्यात गज नव्हते. चारही सावल्या एका कडेला सरकून जवळजवळ उभ्या होत्या. मधली जागा मोकळी होती, स्वच्छ, पिवळी. मग त्या मोकळ्या जागेत खालून एक सावली वर आली. खांदे आणि डोकं, पुढे झुकलेलं, एका बाजूला थोडं कललेलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावते तेव्हा भिंतीवर माझी सावली अशीच पडते.

वर गच्चीत कोणाचा तरी पतंग कापला गेला. आरोळी उठली आणि विरली. मामांची छाती हलत नव्हती. सावलीला घाई नव्हती. ती आणखी पुढे झुकली, मामांच्या नाकावरून कपाळावर आली, आणि मला उगाचच आठवलं, की मी शेवटी नेहमी "झालं" म्हणते. तिकडून ते कोणी म्हणेल असं मला वाटेना.

"झालं!" मी किंचाळले. "झालं, मामा! झालं!"

त्यांनी श्वास घेतला, आणि पाठ फिरवून मफलर परत गुंडाळला.

बस गेली. पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर मामा आहेत. बाकीची गावं दुसऱ्या कोणी केली. चांगली केली आहेत, उजेड जरा सपाट आहे. हिवाळ्यात लोक पुस्तक घेऊन दाणापीठ बघायला येतात आणि पडदे का म्हणून विचारतात. मी गादीवर असले तर सांगते, ऊन लागतं. पलीकडे वाडीकाका खोऽ खोऽ हसतात.

काल दुपारी मी मागच्या खोलीत हे लिहायला बसले. मामा समोर लग्नपत्रिकांना हळदीचे ठिपके लावत होते. मम्मीने नुकताच गरम चहा आणून ठेवला होता. एकदम मामांनी हातातली पत्रिका टाकली आणि मोठ्याने म्हणाले, "झालं!"

मी दचकले. "काय झालं?"

"काही नाही."

"मामा, मी लिहीत होते. मध्येच काय ओरडता?"

ते उठून जवळ आले. मग वाकले, माझ्या खुर्चीखालून पेन उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"घे," ते म्हणाले. "आणि तो चहा नको पिऊ. साय धरलीय त्याच्यावर."